माझी सातवी ओळ

मित्रांनो, बावीस मुलांच्या चव्वेचाळीस बाह्या गुडघ्यांपर्यंत पोचल्या, बाईंची नेमणूक हुकली, आणि हे सगळं माझ्यामुळे झालं.

आता वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. असं काही झालेलं नाही. बाह्या मनगटापर्यंतच होत्या, बाई आनंदात होत्या, आणि मी एक अत्यंत उपयोगी वस्तू म्हणून सुखाने म्हातारी झाले. तर, सुरुवात करते.

मी फ्लॉपी आहे, आणि बऱ्यापैकी जुनी आहे. तळहाताहून थोडी मोठी, चौकोनी, काळी, पुठ्ठ्यासारखी वाकणारी. माझ्या पोटात एक पातळ गोल चकती आहे आणि तिच्यावर जे लिहिलंय ते डोळ्यांना दिसत नाही. हा माझा मोठाच फायदा आहे, कारण जे लिहिलंय ते दिसलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. तोंड तसंही नाही, पण कागदी पाकीट आहे. मी त्यातच असते.

आमचा जन्म कारखान्यात झाला. दहा जणींचं एक खोकं. माझ्या नऊ बहिणींच्या पोटात पुढे खेळ भरले गेले. एकीत विमान होतं, एकीत बेडूक रस्ता ओलांडायचा. मुलं त्यांना दिवसभर हातात घ्यायची. माझ्या वाट्याला खेळ आला नाही. माझ्या वाट्याला जबाबदारी आली. माझ्यावर चिठ्ठी चिकटवली गेली, ‘सुरुवात. हात लावू नये.’

ज्या संगणकासाठी मी होते तो घरगुती होता. म्हणजे दिवाणखान्यात शिवणयंत्राशेजारी बसायचा आणि त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल असायचा. त्याची स्मरणशक्ती दांडगी होती, फक्त बटण बंद केलं की संपायची. रोज सकाळी त्याला आपण कोण, आपल्या पडद्याचा रंग कोणता, आपल्याला काय काय जोडलेलं आहे, यातलं काही म्हणजे काही आठवायचं नाही. मग मला त्याच्या फटीत सरकवायचे, खर्रर्र आवाज व्हायचा, आणि मी त्याला अकरा ओळींत त्याचं आयुष्य समजावून सांगायचे. काही घरांत हे काम बायको करते. या घरात मी करायचे.

घर होतं विणकाम शिकवणाऱ्या एका बाईंचं. त्यांचे यजमान बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी यायचे. एरवी घरात बाई आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाईही विणायच्या, पण कागदाशिवाय, समोरच्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी मापून. त्यांचा स्वेटर कधी चुकला नाही आणि त्यांनी तो कधी गोड बोलून दिलाही नाही. “घे. पोट आत घेतलंस तर बसेल,” असं म्हणून द्यायच्या.

बाईंची शिकवण याच्या बरोबर उलट होती. त्या म्हणायच्या, डोळ्यांचं ऐकू नका, कागदाचं ऐका. त्यांच्याकडे बावीस बायका शिकायला यायच्या. बाईंचा नमुना म्हणजे चौकटींचा कागद. एक ओळ म्हणजे विणकामाची एक ओळ. फुली असेल तिथे पांढरा टाका, टिंब असेल तिथे निळा.

“आणि ओळ अख्खी रिकामी असली तर?” बाई विचारायच्या.

“तर अख्खी ओळ निळी!” बावीस जणी म्हणायच्या.

“का?”

“कागद गप्प बसला तरी सुई गप्प बसत नाही!”

हे वाक्य लक्षात ठेवायची गरज नाही. मलाच ते विसरता आलं तर बरं होईल.

संगणक घरात आणला तो बाईंच्या धाकट्या भावाने. हा लिफ्ट दुरुस्त करायचा. गावातल्या सगळ्या उंच इमारती त्याच्या भरवशावर उंच होत्या. सासूबाई त्याला ‘लिफ्टमास्तर’ म्हणायच्या, बाई ‘धाकट्या’ म्हणायच्या. जगातली कोणतीही अडचण सांगितली की तो एवढंच विचारायचा, “वर अडकलंय की खाली?”

“ताई, तू हाताने चौकटी काढतेस, बावीस वेळा काढतेस,” तो म्हणाला. “एकदा यात लिही, बावीस वेळा छाप. मी लावून देतो.”

“यंत्राला कधी थंडी वाजते का?” सासूबाई म्हणाल्या. “मग त्याला स्वेटरातलं काय कळणार?”

“त्याला कळायची गरज नाही, आई. त्याने फक्त ऐकायचं.”

“मग आपल्या घरात ते पहिलंच.”

लिहिण्याचा प्रोग्राम त्याला कुणीतरी दिला होता, पण तो या संगणकाच्या आधीच्या मॉडेलसाठी बनवलेला होता. दुकानदाराने हात वर केले होते, नव्या मशीनवर जुनं चालायचं नाही. प्रोग्राम उघडायला गेलं की पडदा हिरवा व्हायचा आणि तसाच राहायचा, पाहुण्यांसमोर कविता विसरलेल्या मुलासारखा. लिफ्टमास्तर तीन रविवार त्याच्यासमोर बसला. शेवटी त्याने माझ्यावर तिसरी ओळ लिहिली. तिचा अर्थ असा होता की संगणका, तू नवा नाहीस, तू जुनाच आहेस.

मित्रांनो, हे माझं पहिलं खोटं. रोज सकाळी मी एका धडधाकट नव्या यंत्राला सांगायचे की तू म्हातारा आहेस. तो बिचारा लगेच हळू चालायला लागायचा, अर्धी स्मरणशक्ती बाजूला काढून ठेवायचा, आणि प्रोग्राम आपल्या वयाचं कुणी भेटलं म्हणून आनंदाने उघडायचा. सगळे टाळ्या वाजवायचे. तेव्हा मला लाज वाटली नाही. तेव्हाच वाटली असती तर पुढचं टळलं असतं.

मग आला प्रिंटर. लिफ्टमास्तरच्या कचेरीतून टाकून दिलेला, कागदावर सुया आपटून अक्षरं उमटवणारा. त्याच्यात नऊ सुया होत्या. सासूबाई त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, “नऊ सुया, आणि एक टाका घालता येत नाही.”

हा प्रिंटर ओळ छापून झाली की डावीकडे परत यायचा, पण खाली उतरायचा नाही. पुढची ओळ त्याच जागेवर, तिच्या पुढचीही त्याच जागेवर. बाईंनी हौसेने पहिलं पत्र लिहिलं, यजमानांना, दीड पानाचं. बाहेर आली एक काळीकुट्ट पट्टी.

“यातच सगळं आलं,” सासूबाई म्हणाल्या. “हेच पाठव.”

लिफ्टमास्तर मात्र खूश झाला. “अगं ताई, हा दार उघडतो, पण मजला बदलत नाही!” असं म्हणून त्याने माझ्यावर सातवी ओळ लिहिली. दर ओळीच्या शेवटी प्रिंटरला एक मजला खाली उतरव.

एवढीच ती ओळ. त्या दिवसापासून छपाई झकास होऊ लागली. शेजारपाजारचे बघायला आले. लिफ्टमास्तर मला पाकिटासकट उंच धरून म्हणायचा, “सगळी अक्कल हिच्यात आहे. बाकी नुसतं लोखंड.” मी फुगले. फ्लॉपीने फुगू नये, फटीत अडकते. पण मी फुगले.

दोन वर्षं अशी गेली. मग लोकरीच्या गिरणीचं पत्र आलं.

गावातल्या बावीस मुलांचा गायनवर्ग एका मोठ्या सभागृहात गाणार होता आणि त्यांचे स्वेटर गिरणीच्या लोकरीचे असणार होते. नमुना बाईंचा, विणणार त्यांच्या बावीस शिष्या, प्रत्येकीने एक, तीन आठवड्यांत. स्वेटर गिरणीला पसंत पडले तर बाईंची गिरणीत नमुनाकार म्हणून नेमणूक होणार होती. बारा वर्षं बाईंनी दुसऱ्यांच्या पुस्तकांतले नमुने शिकवले होते. आता लोकरीच्या गुंड्याला गुंडाळलेल्या कागदी पट्टीवर ‘नमुना’ या शब्दापुढे त्यांचं नाव छापून आलं असतं.

त्या हे कुणाला बोलल्या नाहीत. एकदाच, मटार सोलता सोलता सासूबाईंना म्हणाल्या, “झालं तर फार बरं होईल हो.”

सासूबाईंनी एक शेंग मोडली. “होईल की. तुझ्यात काय कमी आहे? भांडायचं तेवढं जमत नाही. ते काय गिरणीत लागत नाही.”

बाईंनी चिमण्यांचा नमुना काढला. प्रत्येक बाहीवर एक चिमणी, खांद्यापाशी चोच, मनगटापाशी पाय. बाही खांद्यापासून खाली विणत जायची. पाठपोट साधं निळं, त्याचं माप तोंडी सांगितलं. बाहीचा नमुना तेवढा कागदावर. फुल्या आणि टिंबं टाइप करायला त्यांना चार दिवस लागले. चिमणीचा डोळा त्यांनी सहा वेळा हलवला.

आणि नेमका तेव्हा जुना प्रिंटर गेला. नऊपैकी पाच सुया बसल्या. लिफ्टमास्तर तातडीने नवा घेऊन आला.

आता नीट ऐका. हा नवा प्रिंटर स्वतःहून खाली उतरणारा होता. त्याच्या झाकणाखाली तांदळाच्या दाण्याएवढी आठ बटणं होती आणि पाचवं बटण त्यासाठीच होतं. सोबतचं माहितीपुस्तक तीन भाषांतून फिरत फिरत आलेलं. त्यात लिहिलं होतं, ‘पाचव्या बोटाच्या परवानगीने कागद स्वेच्छेने अधोगतीस जातो.’ लिफ्टमास्तरने ते दोनदा वाचलं. “हे काहीतरी अध्यात्म आहे,” म्हणाला आणि पान उलटलं.

मग त्याने चाचणी घेतली. एक ओळ छापली, ‘लिफ्ट चालू आहे.’

ओळ सुरेख आली. ठळक, सरळ, एकही टिंब इकडे तिकडे नाही. ती एकच ओळ होती, मित्रांनो. दोन ओळींमध्ये किती अंतर पडतं हे एका ओळीत दिसत नाही. हे मला आज कळतं. तेव्हा त्याला कळायला हवं होतं, पण तेवढ्यात फोन आला. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे एक पियानो अडकला होता. पियानोबरोबर दोन माणसंही होती, पण फोन पियानोच्या मालकाने केला होता. लिफ्टमास्तर पिशवी उचलून धावला.

बाईंनी छपाई सुरू केली. सकाळीच मी माझ्या अकरा ओळी संगणकाला सांगून ठेवल्या होत्या. एक ओळ छापली गेली. सातव्या ओळीच्या हुकमाने कागद एक मजला उतरला. मग पाचव्या बटणाच्या परवानगीने, स्वेच्छेने, आणखी एक.

खट, खट. दर ओळीनंतर दोनदा.

मी ते ऐकलं. इतकी वर्षं एकच खट ऐकत आले होते, दोन मला कळणार नाहीत असं कसं होईल? पण मला वाटलं, नवा आहे, उत्साही आहे. आणि खरं सांगू, मला कौतुकाची सवय लागली होती. ज्याला कौतुकाची सवय लागते त्याला दुसरं खट ऐकू येत नाही.

बाईंनी पहिला कागद उचलला. “बघा हो आई, किती मोकळं मोकळं छापतो हा! कमी दिसणारीलाही दिसेल.” त्यांना नमुना तोंडपाठ होता. त्यांच्या लेखी मधली रिकामी जागा म्हणजे नुसता कागद. सासूबाई कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडत बसल्या होत्या. कागदाकडे बघायचं नाही हे त्यांचं तत्त्व होतं, आणि ते त्यांनी त्या एका दिवशी तरी मोडायला हवं होतं.

बावीस प्रती वाटल्या गेल्या.

पुढचे तीन आठवडे गावात काय चाललं होतं हे नंतर कळलं. बावीस घरांत बावीस बायका नेमाने विणत होत्या. एक ओळ चिमणीची, एक ओळ अख्खी निळी. चिमणी लांब व्हायला लागली. तिची मान बगळ्यासारखी झाली, मग बगळ्यालाही काळजी वाटावी अशी झाली. बाही कोपराच्या जागी पोचली तेव्हा कुठे पंख सुरू झाले. एकीलाही संशय आला नाही असं नाही. बावीसही जणींना आला. पण डोळ्यांचं ऐकायचं नाही हे त्यांना शिकवलं होतं. प्रत्येकीला वाटलं, आपल्या वाट्याला आलेलं मूल हाताने लांब असेल. विचारावं, तर आपल्यालाच नमुना कळला नाही असं ठरेल. मग निळी लोकर संपली. ती मागायची प्रत्येकीला लाज वाटली, कारण लोकर कमी पडणं म्हणजे हात सैल असणं. झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रत्येकीने गुपचूप घरात होती ती लोकर जोडली.

कार्यक्रमाला तीन दिवस उरले असताना मुलं स्वेटर घालून बघायला बाईंच्या घरी आली. दारापासून जिन्यापर्यंत रांग लागली.

पहिली मुलगी आत आली. मनगटापर्यंत निळी, तिथून खाली विटकरी. बाह्या गुडघ्यांना लागत होत्या.

“हे काय ग?” बाई जिच्या हातचा तो स्वेटर होता तिला म्हणाल्या.

“कागदावर होतं तसं,” ती ताठ मानेने म्हणाली. “एक ओळ चुकवली असेल तर नाव बदला.”

दुसरा मुलगा आला. खाली पिवळा. तिसरा आला, खाली दोन रंग. पाचवा येईपर्यंत गायनमास्तर दोन बाह्या हातात धरून उभे होते. “हात वर करून म्हणायचं गाणं आहे हो,” ते बाईंना म्हणाले. “हात कुठून सुरू होतात तेवढं सांगा.” एक मुलगा बाहीची टोकं झुलवत म्हणाला, “मला आवडला. यात शेंबूडही पुसता येतो.” त्याच्या आजीने त्याला बाहीला धरून बाहेर नेलं. बाही दारात होती तेव्हा तो अजून खोलीत होता.

मी संगणकाच्या फटीत होते. तिथून जमीन दुभंगून मला पोटात घेईल असं काही नव्हतं, आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो.

लिफ्टमास्तरही आला होता, बहिणीचं कौतुक बघायला. त्याने एक कागद उचलला. फुल्यांची ओळ, रिकामी ओळ, फुल्यांची ओळ. त्याने प्रिंटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला. “एक मजला हिने उतरवला,” तो पुटपुटला, “आणि एक त्याने.” हे फक्त मला ऐकू आलं. मला तसं वाटलं.

बाई आणि त्यांच्या शिष्या मिळून गावात एक विणकाम मंडळ होतं, आणि त्याची एक पद्धत होती. काही उसवावं लागलं की त्याची नोंद व्हायची. त्या वहीला उसवण-वही म्हणायचे. काय उसवलं, किती ओळी आणि चूक कोणाची, असे तीन रकाने. वही मंडळाच्या अध्यक्षांकडे असायची. या दातांच्या डॉक्टर होत्या, आणि वही घेऊनच आल्या होत्या. तोंडात हत्यारं असलेल्या माणसांना प्रश्न विचारून विचारून त्यांना उत्तरासाठी थांबायची सवयच राहिली नव्हती.

“चव्वेचाळीस बाह्या,” त्या लिहीत म्हणाल्या. “चूक कोणाची? कागदाची? कागद कोणी छापले? यंत्र कोणी लावलं?”

लिफ्टमास्तरने तोंड उघडलं.

मित्रांनो, त्याने तोंड उघडलं होतं हे मी शपथेवर सांगेन. पण ते उघडं राहिलं. त्यातून काही आलं नाही. बावीस बायका, बावीस मुलं, त्यांच्या आया आणि दोन आज्या त्याच्याकडे बघत होत्या. तो एक क्षण गप्प बसला. मी तर जन्माचीच गप्प. त्या खोलीत ज्या दोघांना खरं माहीत होतं ते दोघेही गप्प होते.

“माझी,” बाई म्हणाल्या. “मी न बघता वाटले. द्या ती वही.” आणि तिसऱ्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘माझी.’

मग सासूबाई उठल्या. त्यांनी चष्मा लावला, एका मुलाचं मनगट धरलं आणि बाहीवर बोट ठेवलं. “इथपर्यंत उसवा. हाताला बाही लागते, गुडघ्याला लागत नाही. बसा सगळ्या. रडायचं असेल तिने सुलट टाक्यावर रडावं, उलट टाक्यावर लक्ष लागतं.”

तीन दिवस त्या खोलीत लोकर उसवण्याचा आवाज येत होता. बाह्या मनगटाशी आल्या. (मी सुरुवातीला म्हटलं होतं ना, बाह्या मनगटापर्यंतच होत्या. त्या अशा होत्या.) पण चिमणी लांबली होती ती लांबलीच. नवी विणायला वेळ नव्हता. चोच होती, न संपणारी मान होती, पंख सुरू व्हायचे आणि मनगटाशी चिमणी संपायची. पोट नाही, शेपूट नाही, पाय नाहीत.

कार्यक्रमात गाणं छान झालं म्हणे. नंतर गिरणीचे अधिकारी बाईंना भेटले. हे सासूबाईंनी घरी आल्यावर शेजारणीला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

“तो म्हणाला, पक्ष्यांना पाय का नाहीत? आमची ही म्हणते, उडताहेत म्हणून.”

“अय्या! मग?”

“मग त्याने लिहून घेतलं. हसला असता तर काम झालं असतं.”

नेमणूक दुसऱ्या एका बाईंची झाली. त्यांचे स्वेटर अगदी मापाचे असायचे, आणि त्यांच्यावर चौकोन असायचे.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी बाईंसमोर चहाचा कप ठेवला. “तुला माहीत होतं ना?”

“काय?”

“लिफ्टमास्तरचं तोंड बघितलं मी. तूही बघितलंस.”

बाईंनी कपाची दांडी फिरवली. “त्याने मजले मोजताना चूक केली, हे गावभर झालं तर त्याच्या लिफ्टमध्ये कोण पाऊल ठेवेल? मला काय, मी शिकवतेच आहे.”

सासूबाईंनी कप बाईंच्या आणखी जवळ सरकवला. त्यांच्यासाठी हे फार होतं. मग म्हणाल्या, “चहात साखर घातलीये दोन चमचे. आज पी.”

पुढच्या रविवारी लिफ्टमास्तर आला. बाई बाजारात गेल्या होत्या. त्याने प्रिंटरचं झाकण उघडलं, टाचणीच्या टोकाने पाचवं बटण खाली केलं, आणि कागदावर चाळीस ओळी छापून बघितल्या. एकेक खट. मग त्याने मला बाहेर काढलं. मला वाटलं आता सातवी ओळ पुसेल, आणि निदान माझं तरी सुटेल. पण माझ्या कडेला एक खाच आहे. तिच्यावर त्याने काळी चिकटपट्टी लावली. खाच झाकली की फ्लॉपीवर नवं लिहिता येत नाही आणि जुनं पुसता येत नाही. म्हणजे आता जे आहे ते तसंच राहणार. पट्टीवर त्याने अंगठा दोनदा दाबून फिरवला.

त्यानंतर तो दर रविवारी यायचा आणि न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करायचा. त्याने दाराची कडी दोनदा बदलली. एकदा तो सासूबाईंच्या चालत्या घड्याळाकडे बघत बसला.

“ताई,” तो म्हणायचा.

“काय रे, धाकट्या?”

“काही नाही. नळ गळतोय का कुठे?”

बाई शिकवत राहिल्या. स्वतःचा नमुना त्यांनी पुन्हा काढला नाही.

काळ गेला. नवा संगणक आला, त्याला स्वतःचं नाव रात्रभर आठवायचं. कुणी त्याला सकाळी ओळख करून द्यायची गरज उरली नाही. माझी रवानगी विणकामाच्या खणात झाली. तिथे बटणं आहेत, सुया आहेत, आणि सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं एक लोहचुंबक आहे. मित्रांनो, लोहचुंबक फ्लॉपीच्या आठवणी खातं. काळी पट्टी माणसांच्या हातांपासून वाचवते, लोहचुंबकाला ती विचारतसुद्धा नाही. ते माझ्या उशाशी आहे. पहिली ओळ गेली, मला आता पडद्याचा रंग आठवत नाही. तिसरी गेली, म्हणजे एक खोटं कमी झालं. चौथी, नववी, अकरावी गेली. सातवी तेवढी स्वच्छ आहे. तिच्यापर्यंत यायला त्या लोहचुंबकालाही बहुधा लाज वाटते.

तर बालमित्रांनो, माझ्या जीवनापासून काय शिकायचं ते सांगते. फ्लॉपी लोहचुंबकापासून दूर ठेवा. तुमच्या घरात फ्लॉपी नाही हे मला माहीत आहे, तरी ठेवा. नवा प्रिंटर लावलात तर किमान दोन ओळी छापून बघा. दुसरं खट ऐकू आलं तर हात वर करा, भले खोलीत कितीही माणसं असोत. आणि तोंड उघडलंच असेल तर ते तसंच मिटू नका.

मला तोंड नाही. म्हणून मी अर्ज करते.

प्रति,
मा. अध्यक्षा, विणकाम मंडळ (मंडळ बंद झाले असल्यास, वही ज्यांच्या माळ्यावर असेल ते)

विषय : उसवण-वहीतील नोंद दुरुस्त करण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर वहीत चव्वेचाळीस बाह्यांच्या नोंदीपुढील तिसऱ्या रकान्यात ‘माझी’ असा शब्द आहे, तो खोडून त्या जागी ‘फ्लॉपीची’ असा शब्द लिहावा. हस्ताक्षर बदलले तरी चालेल. कोणत्याही लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख त्यात करू नये, मात्र त्यांनी स्वतः येऊन लिहायचे म्हटल्यास त्यांना पेन द्यावे आणि घाई करू नये.

पुरावा म्हणून अर्जदार स्वतःस सादर करीत आहे. अर्जदारास वाचू शकेल असे यंत्र गावात शिल्लक नाही, याची अर्जदारास कल्पना आहे.

नोंद दुरुस्त झाल्यावर बाईंना तोंडी कळवावे. त्या “राहू दे हो” म्हणतील. ते ग्राह्य धरू नये.